अटलांटिक सिटीचे ब्लॅकजॅक टेबल, पत्ते मोजणाऱ्याच्या हिशेबाने

अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंविषयी जे लिहिले जाते ते बहुधा खोल्या, बुफे आणि समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या यांच्याविषयी असते. हे परीक्षण तेथील एकाच सेवेचे आहे, ती म्हणजे आठ कॅटांचे ब्लॅकजॅकचे, म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देता डीलरला हरवण्याच्या खेळाचे, टेबल. आणि तेही सुट्टीत दोन घटका मजा म्हणून खेळणाऱ्याच्या दृष्टीने नव्हे, तर पत्ते मोजून त्यावर वर्षानुवर्षे घर चालवता येईल का, असा प्रश्न मनात धरून बसणाऱ्याच्या दृष्टीने केलेले. एडिसन, जर्सी सिटी किंवा फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींत हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा निघतो. गणित बरे असते, संगणकावर सिम्युलेशन लिहिता येते, कॅसिनो गाडीने दोन तासांच्या आत आहे, आणि नोकरकपातीची बातमी आली की कोणीतरी हमखास म्हणतो की एवढे डोके असताना ते टेबलावरच का लावू नये. मी स्वतः नोकरी सांभाळून मोजणी शिकलो आणि सवडीने खेळत आलो आहे. पुढील मत त्या अनुभवावर आणि मुख्यतः आकडेमोडीवर आधारलेले आहे.

प्रथम या जागेची जी खरी थोरवी आहे ती सांगितली पाहिजे, कारण ती अमेरिकेत इतरत्र सहसा मिळत नाही. न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये अटलांटिक सिटीपुरत्या कॅसिनोंना मान्यता दिली आणि २६ मे १९७८ रोजी रिसॉर्ट्स इंटरनॅशनल हा पहिला कॅसिनो उघडला. तेव्हाचे नियम खेळाडूला इतके अनुकूल होते की डीलरच्या हाती ब्लॅकजॅक (पहिल्या दोनच पत्त्यांत एकवीस) आहे की नाही हे तपासण्याआधीच अर्धी बोली सोडून हात टाकून देता येत असे. मोजणाऱ्यांच्या टोळ्या तेथे धावून आल्या यात नवल नाही. त्यांच्यातील सर्वांत गाजलेला केन उस्टन हा पूर्वी पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजचा वरिष्ठ उपाध्यक्ष होता. १९७९ मध्ये रिसॉर्ट्सने त्याला बाहेर काढले, तेव्हा तो न्यायालयात गेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाचा आहे, कॅसिनोचा नाही, आणि आयोगाने तसा नियम केलेला नसताना केवळ पत्ते मोजतो म्हणून कोणाला हाकलता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. नेवाडात याच्या नेमके उलट आहे. लास वेगासमध्ये मोजणी बेकायदा नाही, परंतु कॅसिनो ही खासगी मालमत्ता असल्याने ‘तुमचा खेळ आमच्यासाठी फार चांगला आहे’ असे हसत सांगून तुम्हाला दाराबाहेर नेता येते, आणि पुन्हा पाऊल टाकलेत तर तो अतिक्रमणाचा गुन्हा ठरतो. अटलांटिक सिटीत खुर्ची तुमची आहे. डोक्याऐवजी एखादे यंत्र किंवा फोन वापरलात तर मात्र दोन्ही राज्यांत तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. त्याबाबतीत सवलत कोठेही नाही.

तथापि खुर्ची तुमची असली तरी टेबल त्यांचे आहे, आणि या सेवेची सारी मेख येथे आहे. निकालानंतर आयोगाने कॅसिनोंना हाकलण्याचा अधिकार दिला नाही, पण त्याऐवजी उपायांची एक यादीच हाती दिली : हवे तेव्हा पत्ते पिसता येतात, एखाद्या खेळाडूच्या बोलीवर मर्यादा घालता येते, शूच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या पेटीच्या, मध्येच नवा भिडू येऊ नये अशी पाटी लावता येते, आणि कापण्याचा पत्ता, म्हणजे जेथपर्यंत वाटून पुन्हा पिसायचे ती खूण, बराच पुढे टोचता येतो. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जालीम आहे. आठ कॅट म्हणजे ४१६ पत्ते. त्यांतील दीड कॅट मागे ठेवून डीलर उरलेले वाटत असेल तर खेळात थोडा जीव असतो, परंतु चार कॅट वाटून झाल्यावर पुन्हा पिसायला घेतले तर तुम्ही जगातले सर्वोत्तम मोजणारे असलात तरी मोजण्यासारखे काही घडतच नाही. बोर्डवॉकवरील, म्हणजे समुद्रकाठच्या पदपथावरील, एका कॅसिनोत मी बोली दोन वेळा वाढवल्यावर पिट बॉसने, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याने, काहीही न बोलता डीलरच्या खांद्याला बोट लावले आणि पुढच्या शूपासून कापण्याचा पत्ता बरोबर मध्यावर आला. कोणी उद्धटपणे वागले नाही, उलट पुढचे पेय अधिक लवकर आले. कायद्याने मला तेथे बसण्याचा पूर्ण हक्क होता आणि बसण्यात काही अर्थ उरला नव्हता.

मोजणी ही काय चीज आहे हे थोडक्यात सांगतो, कारण तिच्याभोवती चित्रपटांनी जे गूढ उभे केले आहे ते तिच्या वाट्याचे नाही. सर्वाधिक वापरली जाणारी हाय-लो पद्धत अशी : दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा प्रत्येक पत्ता पडला की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का यांना उणे एक. ही चालू बेरीज म्हणजे रनिंग काउंट. तिला न वाटलेल्या कॅटांच्या संख्येने भागले की ट्रू काउंट मिळतो. बेरीज चढली याचा अर्थ मोठे पत्ते अजून पेटीत आहेत, आणि मोठे पत्ते खेळाडूच्या फायद्याचे असतात, कारण ब्लॅकजॅक आला तर खेळाडूला दीडपट मिळतात पण डीलरचा आला तर खेळाडूची फक्त बोली जाते, आणि बारा-सोळावर अडकलेल्या डीलरला नियमाने पत्ता घ्यावाच लागतो व तो एकवीस ओलांडून फुटतो. ट्रू काउंट एकने वाढला की पारडे साधारण अर्ध्या टक्क्याने खेळाडूकडे झुकते. कॅसिनोची मूळ आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने एकवर बरोबरी आणि दोनपासून पुढे फायदा, असा ढोबळ हिशेब. ज्याने दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या घरी रमी खेळताना कोणी काय टाकले आणि काय उचलले हे ध्यानात ठेवले आहे, त्याला हे काही महिन्यांत जमते. त्याबरोबर बेसिक स्ट्रॅटेजीचा, म्हणजे कोणत्या हातावर काय करावे याचा, तक्ता तोंडपाठ असावा लागतो आणि ट्रू काउंटनुसार त्यात करायचे मोजके बदल माहीत असावे लागतात. उदाहरणार्थ, ट्रू काउंट तीनच्या वर गेला की एरवी निव्वळ तोट्याचा असणारा इन्शुरन्स, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक येईल यावर लावायची जादा बोली, फायद्याचा होतो. अवघड भाग बेरजेचा नाहीच. बाजूचा गृहस्थ गप्पा मारत असताना, डीलर तासाला ऐंशी हात वाटत असताना आणि खांद्यामागे कोणी उभे असताना चूक न करता हे सारे तासन् तास करणे, आणि वर कंटाळलेल्या पर्यटकासारखे दिसणे, हे खरे कसब आहे.

आता नियमांकडे. टेबलाच्या कापडावरच ब्लॅकजॅकचा भाव छापलेला असतो, आणि तेथेच निम्मा निकाल लागतो. जुना भाव तीनास दोन. अलीकडे कमी बोलीच्या टेबलांवर सहास पाच असा भाव सर्रास दिसतो. नवख्याला हे आकडे मोठे दिसतात म्हणून उलट बरे वाटतात. २५ डॉलरच्या बोलीवर पहिल्या भावाने ३७.५० मिळतात, दुसऱ्याने ३०. ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा येतो, म्हणजे तासाला ऐंशी हात धरले तर जवळजवळ चार वेळा. किमान बोलीवरच तासाला सुमारे तीस डॉलर या एका छापील ओळीने गेले. मोजणाऱ्याची तासाची अपेक्षित कमाई किती आहे हे पुढे सांगतो, तेव्हा या तीस डॉलरांचे वजन कळेल. सहास पाचच्या टेबलावर मोजत बसणाऱ्याला मी मोजणारा मानत नाही. दुसरा नियम डीलरने एक्का धरून सतरा झाल्यावर थांबायचे की पत्ता घ्यायचा हा : थांबत असेल तर अटलांटिक सिटीच्या आठ कॅटांच्या खेळात कॅसिनोची आघाडी सुमारे ०.४३ टक्के राहते, पत्ता घेत असेल तर त्यात आणखी ०.२ टक्क्यांची भर पडते. थांबणारी टेबले आहेत, पण आता ती बहुतांशी मोठ्या बोलीच्या दालनांत गेली आहेत. सतत पिसणाऱ्या यंत्राच्या टेबलांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तेथे मोजणी शून्य.

कमाईचा हिशेब हा या परीक्षणाचा गाभा आहे आणि तो मी कोणाला झुकते माप न देता मांडतो. किमान बोली २५ डॉलर, काउंट चढला की टप्प्याटप्प्याने ३०० पर्यंत, म्हणजे एकास बारा असा पसारा. बरा नियम, दोन कॅट मागे ठेवणारा डीलर, तासाला ऐंशी हात, आणि चूक जवळजवळ नाही. आठ कॅटांत काउंट वर चढायला वेळ लागतो. ढोबळमानाने सहा-सात हातांमागे एक हात फायद्याचा असतो, बाकीचे सारे हात किमान बोली लावून वाट पाहण्याचे आणि त्यात थोडे थोडे हरण्याचे. या सर्वांची गोळाबेरीज माझ्या गणिताने तासाला २० डॉलरच्या आसपास येते. २०२५ मध्ये न्यू जर्सीत कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होते. म्हणजे ज्या कसबाला वर्षभर सराव लागतो, जे करताना सतत लपावे लागते आणि ज्यासाठी हजारो डॉलर रोख खिशात घेऊन फिरावे लागते, त्याचा मेहनताना पेट्रोल पंपावरच्या कामापेक्षा साडेचार डॉलरने अधिक आहे.

आणि ते २० डॉलरही ‘मिळतात’ असे म्हणणे सैल बोलणे झाले. ती सरासरी आहे. तिच्याभोवतीचा झोका, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तासाला सुमारे ७५० डॉलरचा आहे. पाच तासांची एक बैठक धरली तर अपेक्षित कमाई १०० डॉलर आणि झोका जवळजवळ १,७०० डॉलर. अशा दहा बैठकींपैकी जवळपास पाच बैठकींतून माणूस हरूनच उठतो, आणि त्यात त्याची काहीही चूक नसते. तास वाढत गेले की कमाई तासांच्या प्रमाणात वाढते आणि झोका तासांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून कधीतरी कमाई झोक्याला गाठते. या आकड्यांत ते साधारण १,४०० तासांनी घडते : आठवड्याला ३५ तास, ४० आठवडे, म्हणजे अक्षरशः एका नोकरीचे वर्ष. त्या वर्षाअखेर अपेक्षित कमाई २८,००० डॉलर आणि झोकाही २८,००० डॉलर. याचा अर्थ असा की बिनचूक खेळणाऱ्या सहा माणसांपैकी एक जण पूर्ण वर्ष राबून तोट्यात असेल. त्याला स्वतःलाही कळणार नाही की आपण दुर्दैवी आहोत की आपल्या मोजणीतच खोट आहे, कारण दोन्ही गोष्टी खात्यावर सारख्याच दिसतात. घरी बायकोला आणि गावाकडे आईवडिलांना त्याने हे कसे समजवावे, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात सुटलेला नाही.

भांडवलाचा प्रश्न यातूनच निघतो. याच आकड्यांवर सर्व भांडवल बुडण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवायची तर सुमारे ४२,००० डॉलर बाजूला लागतात, एक टक्क्यावर आणायची तर सुमारे ६५,०००. हे भांडवल घरखर्चाला हात न लावता ठेवलेले असले पाहिजे. दर महिन्याला त्यातून भाडे आणि किराणा काढू लागलात की सूत्रातील आधारच निखळतो, कारण बुडण्याच्या त्या शक्यतेत जिंकलेला पैसा भांडवलात परत येत राहतो असे गृहीत आहे. बोली भांडवलाच्या प्रमाणात कशी ठेवावी याचे सूत्र जॉन केली याने १९५६ मध्ये मांडले. तो बेल लॅब्जमध्ये होता, म्हणजे योगायोगाने न्यू जर्सीतच. केलीच्या सूत्राप्रमाणे भांडवल घटले की बोली घटवायची, आणि व्यवहारात तर त्याच्या निम्म्यानेच लावायची. सल्ला उत्तम आहे, परंतु टेबलाची किमान बोली २५ डॉलरवर गोठलेली असते आणि शनिवारी रात्री ती आणखी वर जाते. खालून बोली घटवायला वावच नसतो. ज्याच्याकडे चार-पाच लाख डॉलर आहेत त्याला हे गणित चांगले चालते, त्याला १०० डॉलरपासून सुरुवात करता येते आणि तासाची अपेक्षा चौपट होते. पण तेवढे भांडवल असणाऱ्याने ते इंडेक्स फंडात टाकले तर त्याला धुरात बसावे लागत नाही.

धूर ही अतिशयोक्ती नव्हे. २००६ च्या राज्याच्या धूम्रपानबंदी कायद्यातून कॅसिनोंना वगळलेले आहे आणि मजल्याचा एक भाग आजही सिगारेट ओढणाऱ्यांसाठी राखलेला असतो. त्याची सीमा कागदावर असते, हवेत नसते. कार्यालय म्हणून या जागेचा विचार करताना पर्यटकाला न जाणवणाऱ्या अशा गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. घड्याळ दिसत नाही, उजेड दिवसभर एकसारखा, स्लॉट यंत्रांचा कलकलाट सतत. डीलर मात्र बहुतेक ठिकाणी सभ्य आणि कामात चोख असतात, चुकून जास्त पैसे दिले गेले तर क्वचितच, आणि मरीना भागातील दालने बोर्डवॉकवरील जुन्या दालनांपेक्षा स्वच्छ व मोकळी आहेत. पेये फुकट असतात, मोजणाऱ्याने पाणी मागावे. फुकट खोल्या आणि जेवणाचे कूपन हवे असेल तर खेळाडूचे कार्ड द्यावे लागते, आणि कार्ड दिले की प्रत्येक बोलीची नोंद तुमच्या नावावर जमा होत जाते; करिअर करू पाहणाऱ्याला आज मिळालेली फुकटची खोली उद्याच्या अर्ध्यावर कापलेल्या शूने भरून द्यावी लागते. एका दिवसात १०,००० डॉलरच्या वर रोख व्यवहार झाला की कॅसिनोला सरकारकडे अहवाल पाठवावाच लागतो. तो टाळण्यासाठी रक्कम तुकड्यांत बदलणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे, हे मी मुद्दाम लिहितो, कारण ‘थोडे थोडे बदलून घे’ हा सल्ला देणारे टेबलावर भेटतात.

यापुढे कर. १९८७ च्या ग्रोएत्झिंगर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की पूर्णवेळ, सातत्याने आणि उपजीविकेसाठी जुगार खेळणारा हा व्यवसाय करणाराच आहे. त्यामुळे त्याला खर्च वजा करता येतात, आणि त्याच न्यायाने साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार करही भरावा लागतो. आरोग्य विमा स्वतःचा, निवृत्तीची तरतूद स्वतःची. हे सारे कोणत्याही स्वतंत्र व्यावसायिकाला लागू आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. खरा घाव २०२५ मध्ये झालेल्या करकायद्याने घातला आहे : २०२६ पासून जुगारातील तोट्याचा नव्वद टक्केच भाग जिंकलेल्या रकमेतून वजा करता येतो. वरच्याच उदाहरणाचा खेळाडू घ्या. वर्षभरातल्या जिंकलेल्या बैठकींची बेरीज सुमारे २,००,००० डॉलर, हरलेल्यांची १,७२,०००, हाती राहिले २८,०००. नव्या नियमाने वजावट १,५४,८०० ची; म्हणजे कर आकारला जाणार ४५,२०० वर, जे त्याने कमावलेलेच नाहीत. ज्या धंद्यात उलाढाल प्रचंड आणि नफ्याची धार पातळ असते त्याला हा नियम नेमका लागतो, आणि मोजणी हा तशा धंद्याचा नमुनाच आहे. सुट्टीत एकदा खेळून जिंकणाऱ्याला याची झळही लागत नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. एच-१बी व्हिसावर असलेल्याला ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचसाठी काम करता येते. सवडीचा खेळ हा छंद, पण त्याला व्यवसाय म्हणवून करसवलत मागणे म्हणजे व्हिसाच्या अटींनाच हात घालणे. ज्याच्या हाती अजून ग्रीन कार्ड नाही त्याने हा विषय येथेच थांबवावा. ‘मग भारतात परतून मांडवीतल्या बोटींवर खेळू’ म्हणणाऱ्यांना सांगायचे तर भारतात हिशेब याहूनही लवकर संपतो : तेथे पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यातून तोटा वजा होत नाही. वरचेच आकडे धरले तर २,००,००० वर ६०,००० कर, आणि हाती राहिलेले फक्त २८,०००. शिवाय चिप्स घेतानाच जीएसटी. गोव्यात मोजणी करून जिंकणारा माणूस कायद्याने वागला तर जिंकूनही कर्जात जाईल.

ज्यांची नावे या विद्येशी कायमची जोडली गेली त्यांनी पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. एडवर्ड थॉर्प एमआयटीत गणित शिकवत होता, त्याने आयबीएम ७०४ संगणकावर उरलेल्या पत्त्यांप्रमाणे आघाडी कशी बदलते हे काढले, १९६१ मध्ये ते गणितज्ञांपुढे मांडले आणि नेवाडात जाऊन खऱ्या पैशांवर पडताळले. त्यानंतर आयुष्य टेबलावर घालवण्याऐवजी १९६९ मध्ये त्याने गुंतवणूक निधी सुरू केला, कारण तीच विद्या शेअर बाजारात चालत होती आणि तेथे कोणी बोली कापत नव्हते. उस्टनने खटला जिंकला. पण ज्या खेळासाठी तो लढला होता तो निकाल लागेपर्यंत नियमांच्या बदलांनी पार पातळ झालेला होता, आणि त्याच काळात तो व्हिडिओ गेमवर पुस्तके लिहू लागला होता. १९८७ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला, तेव्हा त्याचे वय ५२ होते. आणि अटलांटिक सिटीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला ब्लॅकजॅक विजेता, डॉन जॉन्सन, ज्याने २०११ पर्यंतच्या काही महिन्यांत ट्रॉपिकाना, बोर्गाटा आणि सीझर्स या तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर नेले, तो पत्ते मोजतच नव्हता. मंदीने घायकुतीला आलेल्या कॅसिनोंकडून त्याने तोट्यावर २० टक्के परतावा आणि अनुकूल नियम आधीच ठरवून घेतले आणि मग एकेका हातावर एक लाख डॉलरपर्यंत लावले. त्याचे कसब वाटाघाटीचे होते, आणि ते दाखवायला आधी दहा लाख डॉलर दाखवावे लागतात. टोळीने खेळून, एकाने मोजायचे आणि खुणेवर दुसऱ्याने येऊन मोठी बोली लावायची, या पद्धतीने अनेकांनी काही वर्षे चांगली कमाई केली हे खरे आहे. एमआयटीच्या विद्यार्थ्यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण तो गुंतवणूकदार, प्रशिक्षण, परीक्षा आणि हिशेबनीस असलेला उद्योग होता, आणि शूच्या मध्ये प्रवेश बंद अशी पाटी आज ज्या टेबलांवर दिसते, ती अशाच खेळीवरचा उतारा आहे.

तेव्हा गुण द्यायचे झाले तर मी वेगवेगळे देईन. हक्काचे संरक्षण म्हणून अटलांटिक सिटीला पाचपैकी पाच. अपमान न होता मोजता येईल अशी जागा म्हणून तिची बरोबरी वेगास करू शकत नाही. खेळाची प्रत म्हणून योग्य टेबल मिळाले तर तीन, कमी बोलीच्या सहास पाच टेबलांना शून्य. छंद म्हणून, म्हणजे ज्याला महिन्यातून एकदा जाऊन एखाद्या अवघड गणिताची परीक्षा द्यावी तसा खेळायचे आहे आणि ज्याची नोकरी चालू आहे त्याला, साडेतीन. तासाला २० डॉलर जिंकण्याची अपेक्षा असलेला छंद दुसरा कोणता आहे मला माहीत नाही. दीर्घकाळची उपजीविका म्हणून एक, आणि तोही केवळ १९८२ च्या निकालासाठी.

तरीही कोणी जाणार असेल तर सोमवार ते गुरुवार, सकाळी नऊनंतर जावे. तेव्हा किमान बोली खाली असते, टेबल अर्धे रिकामे असल्याने तासाला हात अधिक पडतात आणि रात्रपाळीचा दमलेला पिट बॉस घरी गेलेला असतो. बसण्याआधी दोन शू नुसते उभे राहून पाहावेत : कापडावर तीनास दोन छापले आहे का, डीलर एक्क्याच्या सतरावर थांबतो का, आणि कापण्याचा पत्ता नेमका कोठे येतो. टाकलेल्या पत्त्यांचा ढीग किती कॅटांचा आहे हे नजरेने ओळखायचा सराव घरीच, खऱ्या कॅटांवर झालेला असावा. ट्रू काउंटचे भागाकार तेथेच चुकतात. कापण्याचा पत्ता दोन कॅटांहून अधिक पत्ते मागे ठेवत असेल तर दुसरे टेबल शोधावे, आणि दुसरेही तसेच निघाले तर गार्डन स्टेट पार्कवेवर संध्याकाळची गर्दी होण्याआधी परत निघावे.